आधी शाळा, मग विमान

अमेरिकेत नोकरी-धंद्यात स्थिरावलेला एखादा मराठी माणूस चाळिशीत हौसेने खासगी वैमानिकाचं लायसन्स काढतो. लायसन्स हातात आल्यावर काही महिने उड्डाण-शाळेचंच विमान तासाच्या भाड्याने घेऊन उडतो. शनिवारी सकाळी विमान मिळत नाही, मिळालं तर दोन तासांत परत आणायचं असतं. मग एक दिवस शाळेचा मालक सहज बोलल्यासारखं सुचवतो, "तुम्हीच एक विमान का घेत नाही? आम्ही चालवतो. हप्ता विमानच फेडेल, आणि मनात येईल तेव्हा तुम्हाला उडताही येईल."

या व्यवहाराला तिथे लीजबॅक म्हणतात. विमान तुमच्या मालकीचं, पण शाळेच्या ताब्यात. विद्यार्थी तासाचं भाडं शाळेकडे भरतात आणि शाळा आपला वाटा कापून उरलेले पैसे महिन्याच्या शेवटी तुम्हाला देते. लहान शाळांच्या पटांगणात उभी असलेली बरीच विमानं अशी दुसऱ्याच कोणाच्या मालकीची असतात, कारण शाळेला स्वतःचं भांडवल त्यात अडकवायचं नसतं. तेव्हा शाळेचा मालक खोटं बोलत नसतो. जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, एवढंच तो सांगत नाही.

आपल्याकडे रिक्षाचा मालक रिक्षा दुसऱ्याला शिफ्टवर देतो, तसाच हा प्रकार वरवर वाटतो. पण शिफ्टवाला ठरलेली रक्कम रोज हातावर ठेवतो, मग धंदा होवो न होवो. शाळा फक्त उडालेल्या तासांचे पैसे देते. धुकं पडलं, शिक्षक नोकरी सोडून गेला, विमान दुरुस्तीला गेलं, तरी विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता आणि जागेचं भाडं मालकाच्या खात्यातून जातच राहतं. म्हणून या व्यवहारात सगळ्यात आधी पाहायची ती शाळा. विमानाच्या जाहिराती चाळत बसायचं काम नंतरचं.

शाळा पाहायची म्हणजे काय पाहायचं? तिच्याकडच्या प्रत्येक विमानाने मागच्या १२ महिन्यांत किती तास भाडं कमावलं, हा आकडा लेखी मागा. आजकाल शाळांची नोंदणी संगणकावर असते, त्यामुळे तो काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर शिक्षक मोजा. अमेरिकेत विमान कंपनीत वैमानिक व्हायला साधारण १,५०० तासांचा अनुभव लागतो. तो जमवण्यासाठीच बहुतेक तरुण शिक्षकाची नोकरी धरतात आणि तास भरले की निघून जातात. जिथे विमानं आठ आणि पूर्णवेळ शिक्षक तीन, तिथे नववं विमान नेऊन काय करणार? ते उन्हात उभं राहील. याउलट विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा दिवस विमानाची वेळ मिळत नाही, शिक्षक विमानासाठी आपसात कुरकुरतात, अशी शाळा सापडली तर तिथे बोलणी करण्यात अर्थ आहे. आधीपासून विमान दिलेल्या दोन-तीन मालकांना गाठून चहाला बोलवा. पैसे वेळेवर येतात का, आणि दुरुस्तीची बिलं पाहून धक्का बसतो का, एवढे दोन प्रश्न पुरतात.

हवामानही शाळेच्याच हिशेबात धरा. ॲरिझोनात वर्षभर उडता येतं, पण तिथल्या उन्हात रंग आणि प्लास्टिक लवकर जातं. सिअॅटलला महिनोन्महिने ढग जमिनीला टेकलेले असतात आणि नवख्या विद्यार्थ्याला ढगात जाता येत नाही. न्यू जर्सीचा हिवाळा, टेक्सासची वादळं आणि गारा यांचाही विचार करा. गारांच्या प्रदेशात हँगर परवडत नसेल तर विमानही परवडणार नाही.

तासाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या विमानतळावरचे तुम्ही भरा.

समजा, जुनं पण चांगलं सेसना १७२ तुम्ही १ लाख ५० हजार डॉलरला घेतलं. त्यातले १ लाख २० हजार १५ वर्षांच्या मुदतीने ८ टक्क्यांवर कर्जाऊ. वर्षाचा हप्ता १३,७६० डॉलरच्या आसपास येतो. विमा ८,००० आणि उघड्यावर दोरांनी बांधून ठेवायच्या जागेचं भाडं २,४००. म्हणजे विमान जागचं हललं नाही तरी वर्षाला सुमारे २४,१६० डॉलर जाणार.

विद्यार्थी तासाला १८० डॉलर देतो, त्यात पेट्रोल धरलेलं. शाळेचा वाटा २० टक्के, म्हणजे ३६ गेले. तासाला साडेआठ गॅलन पेट्रोल धरलं तर ५५ डॉलर. इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायचे २२. तपासण्या, टायर, ब्रेक, तेल आणि न सांगता येणाऱ्या दुरुस्त्या मिळून ३०. हातात राहतात ३७ डॉलर. स्थिर खर्चाला ३७ ने भागा: ६५३ तास. वर्षात ६५३ तास उडाल्यावर तुमचा हिशेब शून्यावर येतो. ४०० तास झाले तर खिशातून नऊ हजारांच्या वर जातात. ८०० झाले तर साडेपाच हजार सुटतात, आणि ८०० तास म्हणजे वर्षाचे सगळे दिवस धरून रोजचे दोन तासांहून जास्त. गजबजलेल्या शाळेत हे घडतं. गावाबाहेरच्या धावपट्टीवर दोन शिक्षकांनी चालवलेल्या शाळेत घडत नाही.

कर्ज न काढता विमान घेतलं तर चित्र पालटतं हे खरं. पण मग तेच दीड लाख डॉलर दुसरीकडे ठेवले असते तर काय मिळालं असतं, हाही हिशेब मांडायला हवा.

इंजिनाच्या २२ डॉलरबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक मालक इथेच फसतात. या विमानांतल्या लायकमिंग इंजिनांना कंपनी साधारण २,००० तासांवर किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉल सांगते. खासगी मालक वर्षाला ६०-७० तास उडतो, त्यामुळे त्याला २,००० तासांचा आकडा कधी दिसतच नाही. शाळेत तीन-साडेतीन वर्षांत दिसतो. ओव्हरहॉलला ४०-४५ हजार डॉलर सहज लागतात, आणि इंजिन काढून पाठवल्यापासून परत येईपर्यंत विमान महिनोन्महिने जमिनीवर. तासाचे २२ डॉलर निराळ्या खात्यात टाकत गेलात तर त्या दिवशी झोप उडणार नाही. दर महिन्याला शाळेचा चेक आला की तो नफा समजून खर्च केलात, तर इंजिन संपेल तेव्हा विमान पडेल त्या भावाने विकावं लागेल. बाजारात स्वस्तात दिसणारी, इंजिनाचे १,९०० तास झालेली विमानं कुठून येतात असं तुम्हाला वाटतं?

कोणतं विमान

शाळेसाठी सेसना १७२ घ्या, असं सरसकट सांगण्याची पद्धत आहे आणि ती बव्हंशी बरोबर आहे. १९५६ पासून हे विमान विकलं जातंय आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. कोणत्याही विमानतळावरच्या मेकॅनिकला ते पाठ असतं आणि सुटे भाग मिळतात. १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत सेसनाने ते बनवलंच नाही. अपघातांच्या दाव्यांनी कंपन्या बेजार झाल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने १८ वर्षांहून जुन्या विमानांच्या बाबतीत उत्पादकाची जबाबदारी संपवणारा कायदा केला, तेव्हा कारखाना पुन्हा सुरू झाला. त्यामुळे वापरलेल्या १७२ चे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटात कार्बुरेटरवाली सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, दुसऱ्यात इंधन थेट सिलिंडरपाशी सोडणारी नव्या पिढीची. कोरं करकरीत १७२ आज ४ लाख डॉलरच्या वर जातं. ते एकट्यादुकट्याचं काम नाही.

जुन्या गटात १७२एन हे मॉडेल खूप दिसतं. त्यातल्या १९७७ ते १९८० च्या विमानांत ओ-३२०-एच२एडी हे इंजिन असतं. थंडीत नीट न तापवता सुरू केल्यास त्याचा कॅमशाफ्ट आणि टॅपेट खराब होण्याची जुनी तक्रार आहे. रोज उडणाऱ्या शाळेत हे इंजिन उलट बरं चालतं; उभं राहून गंज धरण्यानेच त्याचं वाटोळं होतं. तरी मिनेसोटात शाळा असेल तर मी ते घेणार नाही.

सेसना १५२ स्वस्त आणि पेट्रोलला कमी, पण आजच्या अंगकाठीचे शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी बसवून टाकी पूर्ण भरली की वजन मर्यादेबाहेर जातं. पायपर वॉरियर आणि आर्चर ही विमानं दणकट आणि शिकवायला छान आहेत. मात्र २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला प्रशिक्षणातल्या एका पायपर ॲरोचा पंख हवेत तुटला आणि त्यानंतर एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेने, ही विमानं ज्यात येतात त्या पीए-२८ घराण्यातल्या बऱ्याच मॉडेलांच्या पंखांच्या मुख्य तुळईची तपासणी सक्तीची केली. ती कधी करायची याचं गणित मालकाने नीट समजून घ्यावं. शिकवण्यासाठी भाड्याने दिलेल्या विमानाला लागणाऱ्या १००-तासी तपासण्या लॉगबुकात जितक्या नोंदल्या असतील, त्यातल्या प्रत्येकीमागे १०० तास पुरते मोजले जातात. बाकीचे, म्हणजे खासगी उड्डाणाचे तास, १७ ने भागतात. अशी बेरीज ५,००० झाली की तपासणी. थोडक्यात, घरगुती हातात सावकाश म्हातारं होणारं पायपर शाळेत दिलं की झपाट्याने म्हातारं होतं. त्यामुळे घेताना एकूण तास पाहून भागत नाही, १००-तासी तपासण्या मोजाव्या लागतात.

खरेदीपूर्व तपासणी विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून करून घेऊ नका, हे सांगायला नको. पण शाळेच्या मेकॅनिककडूनही एकट्याकडून नको; विमान यावं असं त्यालाही वाटत असतं. तिसरा माणूस शोधा, शक्यतो त्याच मॉडेलवर हात बसलेला. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, बोअरस्कोपमधून व्हॉल्व्ह आणि तेलाच्या फिल्टरमधला धातूचा चुरा तो पाहीलच. १७२ मध्ये इंजिनामागचा पत्रा खालच्या बाजूला सुरकुतलेला आहे का, हे मुद्दाम पाहायला सांगा. पुढच्या चाकावर आदळून उतरणाऱ्या विद्यार्थ्यांची सही तिथे उमटते, आणि ती दुरुस्ती महाग असते. लॉगबुकं पहिल्या दिवसापासून सलग हवीत. मधलं एक हरवलं असेल तर किंमत उतरलीच पाहिजे. विमानावर कोणाचं कर्ज किंवा बोजा नाही याचा शोध ओक्लाहोमा सिटीच्या एफएए नोंदणी कार्यालयातल्या कागदांवरून घेतला जातो. तो एखाद्या टायटल कंपनीकडून करून घ्या आणि पैसे तिच्याच मध्यस्थीने द्या.

इथे आपल्या मंडळींसाठी एक अडचण आहे. ती सौदा ठरल्यावर कळली तर फार त्रास होतो. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. एच-१बी व्हिसावरच्या माणसाच्या नावावर विमान नोंदवलं जात नाही. ग्रीन कार्ड असेल तर व्यक्ती म्हणून नोंदवता येतं, पण भागीदारी संस्था केलीत तर तिचा प्रत्येक भागीदार नागरिकच लागतो. एलएलसी किंवा कंपनी काढली तर नागरिकांकडे ७५ टक्के मतदानाचे हक्क हवेत, अध्यक्ष नागरिक हवा आणि संचालकांत दोन तृतीयांश नागरिक हवेत. हे जमत नसेल तर विमान बहुतांश अमेरिकेतच उडतं याचा हिशेब वेळोवेळी देण्याची निराळी वाट आहे, शिवाय ट्रस्टचाही मार्ग आहे. चार मित्रांनी मिळून विमान घ्यायचं ठरवलं आणि त्यातल्या दोघांकडेच नागरिकत्व आहे, अशी वेळ आली तर आधी विमान-कायद्याच्या वकिलाकडे जा. व्हिसावर असलेल्यांनी या धंद्यात स्वतः किती लक्ष घालता येतं, हेही इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्यावं.

साज चढवताना

विमानाला साज चढवण्याची वेळ आली की हौशी मालकाचं डोकं फिरतं. मोठे पडदे, चामड्याच्या खुर्च्या, नवा रंग. शाळेच्या विमानाला यातलं काय लागतं?

सगळ्यात आधी शाळेतल्या बाकीच्या विमानांचं पॅनेल पाहा आणि तुमचं त्याच्याशी जुळतं ठेवा. विद्यार्थी आज एका विमानात बसतो, उद्या दुसऱ्या. तुमच्या विमानातला जीपीएस निराळ्या बनावटीचा असेल तर शिक्षक त्याला हात लावायचं टाळतात, मग तो कितीही भारी असो. शाळेची सगळी विमानं गार्मिनच्या एका साच्यातली असतील तर तुम्हीही तोच साचा घ्या.

त्यानंतर पाहायचं ते हे, की कोणत्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी तुमच्या विमानाकडे येतील. नुसत्या खासगी लायसन्सचे विद्यार्थी साध्या पॅनेलवर शिकतात. ढगांतून केवळ उपकरणांवर उडायला शिकणाऱ्यांना उतरण्याच्या वाटेवर उंचीचं मार्गदर्शन देणारा, उपग्रहाच्या दुरुस्त संकेतांवर चालणारा जीपीएस लागतो. आणि व्यावसायिक लायसन्सवाले? पूर्वी त्यांना १० तासांच्या प्रशिक्षणासाठी चाकं आत घेणारं विमान शोधावं लागे. २०१८ पासून एफएएने मुभा दिली की ते १० तास तंत्रदृष्ट्या प्रगत विमानातही भरता येतात. म्हणजे मुख्य उपकरणं पडद्यावर, हलता नकाशा दाखवणारा दुसरा पडदा आणि दोन अक्षांवरचा ऑटोपायलट. एवढं असलेलं साधं १७२ त्या कामाला चालतं. याचा अर्थ असा, की ऑटोपायलटवर केलेला खर्च तुमच्या विमानाकडे एक अख्खा वर्ग वळवू शकतो, अट एवढीच की शाळेत तो वर्ग असायला हवा. नसेल तर त्या पैशांची गरज नाही. पॅनेल या व्याख्येत नक्की बसतं ना, हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या.

एडीएस-बी हा ठावठिकाणा सांगणारा ट्रान्समीटर १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या आकाशात सक्तीचा आहे. तो नसलेलं विमान स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. जुन्या विमानांत हवेच्या पंपावर फिरणारे जायरो असतात आणि तो पंप काही सूचना न देता मरतो. त्याऐवजी स्वतःची बॅटरी असलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवली की शाळेत वरचेवर होणारी एक दुरुस्ती कायमची मिटते. हा खर्च मी डोळे मिटून करीन.

इंजिन मॉनिटर हाही तसाच. प्रत्येक सिलिंडरचं तापमान तो नोंदवतो आणि ती नोंद नंतर उतरवून घेता येते. कोणत्या दिवशी कोणी इंजिन तापवलं, जमिनीवर मिश्रण दाट ठेवून स्पार्क प्लग कोणी शिशाने भरले, हे त्यात दिसतं. शिक्षकांना ते दाखवलं की सवयी सुधारतात. दोष कोणाचा यावरून भांडण्यापेक्षा हे बरं.

बाकीच्या वस्तू किरकोळ, पण रोजच्या. खुर्च्यांना धुता येणारं रेक्झिन. एलईडी दिवे, कारण जुने बल्ब सारखे जातात. चाकांवरची टोपणं काढून ठेवा, नाहीतर विद्यार्थी ती फोडतील. थंड प्रदेशात इंजिन तापवणारा हीटर. दोन्ही बाजूंना बोलण्याचं बटण आणि चालू स्थितीतला इंटरकॉम. आणि खुर्चीचे रूळ. सेसनाच्या खुर्चीची खीळ रुळातल्या भोकांत अडकते. दिवसाला पाच उंचीची पाच माणसं ती खुर्ची पुढे-मागे सरकवतात, भोकं झिजून लांबट होतात, आणि टेकऑफच्या वेळी खुर्ची मागे घसरली तर माणूस आधारासाठी हातातलं चाकच ओढतो. यामुळे माणसं मेली आहेत. म्हणूनच एफएएने दर १०० तासांनी किंवा वर्षाच्या तपासणीत हे रूळ मोजायची सक्ती केली आहे. चामड्याच्या गादीआधी रूळ बदला.

रंगावर पैसे घालू नका.

करार, विमा, कर

शाळा छापील करार पुढे करते. तो चाळून सही करायची नसते. त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ मीटरबद्दलची. हॉब्स हे घड्याळासारखं चालणारं मीटर. इंजिन सुरू असेपर्यंत ते पळतं. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे जमिनीवर आणि कमी वेगात सावकाश. विद्यार्थ्याला बिल हॉब्सवर आणि मालकाला पैसे टॅकवर, अशी ओळ असेल तर काय होतं? दोन्हींत १५ टक्क्यांचा फरक धरला तर ६०० तासांमागे ९० तासांचं भाडं, वरच्या हिशेबात जवळजवळ १३ हजार डॉलर, तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. पैसे हॉब्सवर घ्या. तपासण्या आणि इंजिनाचं आयुष्य टॅकवर मोजा.

दुसरी ओळ दुरुस्तीची. शिकवण्यासाठी भाड्याने दिलेल्या विमानाला दर १०० तासांनी तपासणी लागते, म्हणजे जोरात चाललेल्या शाळेत दर दोन महिन्यांनी. तपासणीत काही ना काही निघतंच. किती डॉलरच्या वर तुम्हाला फोन करून परवानगी घ्यायची, मजुरीचा दर काय, सुट्या भागांवर शाळा किती चढवणार, हे आकड्यांत लिहून घ्या. शाळेचाच मेकॅनिक असेल तर वर्षातून एकदा तरी विमान बाहेरच्या डोळ्यांना दाखवण्याचा हक्क राखून ठेवा. उशिरा दिलेल्या पैशांचं काय, हेही लिहा. शाळेने मेकॅनिकचं बिल थकवलं तर तो तुमच्या विमानावर बोजा चढवू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या स्वतःच्या उडण्याचा दर, आगाऊ नोंदणीचा हक्क आणि ३० दिवसांच्या नोटिशीने विमान काढून घेण्याची मुभा करारात हवी. पण शनिवारी सकाळची वेळ दर आठवड्याला स्वतःसाठी अडवू नका. तीच कमाईची वेळ असते.

विम्याच्या बाबतीत दलालाशी बोलताना "शिक्षण आणि भाडं" हे शब्द स्पष्ट वापरा. खासगी वापराची पॉलिसी शाळेत चालत नाही; चालतेय असं समजून गप्प बसलात तर दावा नाकारला जाईल. शाळेच्या वापराचा हप्ता खासगीच्या कित्येक पट असतो. शाळेच्या पॉलिसीत तुमचं विमान घेतलं असेल तर पॉलिसीवर मालक म्हणून तुमचं नाव आहे का, विमानाची किंमत आजच्या बाजाराची धरली आहे का, अपघातात पहिले काही हजार डॉलर कोण भरणार, ते पाहा. प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावं लागतं. नुकसान विमा भरेल, पण दुरुस्तीच्या तीन-चार महिन्यांत बुडालेलं भाडं सहसा भरत नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील इतकी रोकड हाताशी ठेवल्याशिवाय यात उतरू नका.

कराबद्दल शाळेचा मालक फार गोड बोलतो: पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा, पगारावरचा कर वाचतो वगैरे. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या पात्र मालमत्तेला १०० टक्के घसारा पुन्हा लागू झाला आहे, हे खरं. पण भाड्याच्या धंद्यातला तोटा बहुधा निष्क्रिय समजला जातो आणि तो पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांत ढकलला जातो. करारात शाळा तुमची भाडेकरू आहे की तुमच्या वतीने काम पाहणारी व्यवस्थापक, आणि तुम्ही धंद्यात किती तास घालता, यावर बरंच अवलंबून असतं. शिवाय घसारा घेतलेलं विमान चांगल्या किमतीला विकलं की तो कर परत मागितला जातो. राज्याचा विक्रीकर निराळा. विमानाचे व्यवहार रोज पाहणारा हिशेबनीस करार होण्यापूर्वी गाठा. करार झाल्यावर तो फार काही करू शकत नाही.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी पेट्रोलकडेही लक्ष ठेवावं. या विमानांचं नेहमीचं पेट्रोल शिसेयुक्त असतं. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर ते १ जानेवारी २०२२ पासून विकलं जात नाही, आणि राज्यभर ते २०३१ पासून बंद करण्याचा कायदा झाला आहे. कमी कॉम्प्रेशनची इंजिनं कमी ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालतात, सगळी चालत नाहीत. इंजिन निवडताना हे विचारा.

हे वाचून बारामती, धुळे, गोंदिया किंवा नागपूरच्या एखाद्या शाळेला विमान द्यावं असं कोणाला वाटलं, तर तिथला मामला निराळा आहे. भारतात शाळेचं प्रत्येक विमान डीजीसीए या नियामक संस्थेच्या मंजुरीत यावं लागतं, देखभाल मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करावी लागते आणि आयातीची परवानगी आधी मिळवावी लागते. एकट्या मालकाने एक विमान आणून शाळेच्या दारात उभं करावं, अशी ती व्यवस्था नाही. तिथे शाळेनेच पुढाकार घेऊन कागदपत्रं चालवली तर गोष्ट पुढे सरकते. पेट्रोलचा विचार तिथेही करायचाच. साध्या मोटारीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या रोटॅक्स इंजिनाच्या टेकनाम विमानांना भारतातल्या शाळा पसंती देताना दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

राहता राहिला प्रश्न, हे कोणी करावं. ज्याला वर्षाला १००-१२५ तास स्वतः उडायचं आहे, शाळा घरापासून अर्ध्या तासावर आहे, महिन्यातून दोनदा तिथे जाऊन विमानाखाली वाकून पाहायची तयारी आहे आणि इंजिनाचे पैसे न शिवता ठेवायची शिस्त आहे, त्याला हा व्यवहार परवडतो: त्याची हौस निम्म्या खर्चात भागते. ज्याला उडायचंच नाही, दूर राहून फक्त चेक जमा करायचा आहे, त्याने यात पैसे घालू नयेत.